वेरूळच्या दुपारच्या फोटोत कर्व्ह कुठे चढवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अंबाजोगाईहून वेरूळला जाऊन कैलास लेण्याचे फोटो काढले. त्यांपैकी एका फोटोत कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प खाली सावलीत आहे, वर देवळाचा उन्हात तापलेला काळा पाषाण आहे आणि त्याच्याही वर आकाश आहे. ब्राइटनेसचा स्लायडर पुढे नेला की आकाश पांढरे पडते, आणि कॉन्ट्रास्टचा स्लायडर पुढे नेला की शिल्प काळ्या डागासारखे दिसू लागते. अशा वेळी टोन कर्व्ह, म्हणजे फोटोतला उजेड-काळोख बदलणारी रेषा, कसा वापरावा, सगळे सांगतात तो इंग्रजी एस अक्षराचा आकार याही फोटोला चालेल का, आणि हे काम मोबाइलवर करता येईल का, असे आपण विचारले आहे.

एसचा आकार या फोटोला चालणार नाही. आपल्या कॉन्ट्रास्टच्या स्लायडरने जे केले तेच एसचा आकार करतो. त्यामुळे तो हाताने काढला तरी शिल्प काळेच पडेल. असे का होते हे समजले की आपल्या फोटोचा कर्व्ह आपल्यालाच काढता येईल, म्हणून आधी कारण सांगतो.

कर्व्हच्या चौकटीत आडव्या बाजूला फोटोतले मूळ टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, असतात. डावीकडे ० म्हणजे पूर्ण काळा आणि उजवीकडे २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. उभ्या बाजूला तेच टोन बदलानंतर किती होणार ते असते. सुरुवातीला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी तिरपी सरळ रेषा दिसते, कारण ७० चे ७० आणि २०० चे २०० असेच सगळे राहिलेले असते. ही रेषा एखाद्या ठिकाणी वर उचलली की त्या टोनचा भाग उजळतो आणि खाली ओढली की गडद होतो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ज्याकडे लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे रेषेचा चढ. मूळ रेषेपेक्षा जिथे चढ जास्त उभा होतो तिथे शेजारशेजारचे टोन एकमेकांपासून दूर जातात, म्हणजेच तिथला कॉन्ट्रास्ट वाढतो. जिथे रेषा आडवी पडू लागते तिथे टोन एकमेकांत मिसळतात आणि तपशील सपाट होतो. रेषेची उंची म्हणजे उजेड आणि रेषेचा चढ म्हणजे कॉन्ट्रास्ट, हे एकदा डोळ्यांत बसले की कर्व्हची भीती राहत नाही.

आता यातली अडचण पाहा. रेषा ० पासून निघून २५५ ला पोचणार असेल, तर तिला मिळणारा एकूण चढ ठरलेला आहे. जायकवाडीच्या कालव्याचे आवर्तन सुटले की एका चारीला जादा पाणी दिल्यास ते दुसऱ्या चारीच्या वाट्यातून जाते, तसेच इथे आहे: सावलीला चढ दिला की तो मधल्या किंवा उजळ टोनमधून वजा होतो. म्हणून कर्व्ह हाती घेण्याआधी फोटोत पाहण्यासारखे काय आहे आणि ते कोणत्या टोनमध्ये बसले आहे, हे ठरवावे लागते. एसचा आकार मधल्या टोनला चढ देतो आणि तो दोन्ही टोकांकडून घेतो. चेहरा मधल्या टोनमध्ये असलेल्या साध्या फोटोला ते शोभते. आपले शिल्प मात्र डाव्या टोकाला आहे, आणि तिथूनच चढ काढून घेतला गेला.

आपल्यासारख्या फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या टोनचे किती ठिपके आहेत ते दाखवणारा आलेख, उघडला की साधारण असे दिसते. सावलीतले शिल्प २० ते ७० च्या दरम्यान, उन्हातला पाषाण ११० ते १७० च्या दरम्यान आणि आकाश २१० ते २४५ च्या दरम्यान. आपल्या फोटोतले आकडे थोडे वेगळे असतील, पण रीत तीच राहील. शिल्पाला मिळालेले टोन फक्त ५० आहेत, आणि त्यातच रावणाचे हात, वरची शिवपार्वती आणि मागची खडबडीत भिंत हे सगळे कोंबलेले आहे. इथे मी कर्व्हवर तीन बिंदू ठेवीन. २० वरचा बिंदू २२ वर, म्हणजे जवळजवळ जागेवरच. ७० वरचा बिंदू उचलून ११२ वर. १७० वरचा बिंदू १८५ वर. दोन्ही टोके हलवायची नाहीत.

याचा हिशेब करून पाहा. शिल्पाचे ५० टोन आता २२ ते ११२ असे ९० टोनवर पसरले, म्हणजे तिथला चढ १.८ पट झाला. उन्हातला पाषाण ११० ते १७० ऐवजी साधारण १४१ ते १८५ वर आला. तो उजळला, पण त्याचे ६० टोन ४४ वर आले, म्हणजे थोडा सपाट झाला. आकाश २१८ ते २४७ च्या आसपास गेले आणि ३५ टोनचे २९ झाले. आकाशाची ही घट सहसा डोळ्यांना जाणवत नाही, पाषाणाची जाणवते. ती जास्त वाटली तर ७० वरचा बिंदू ११२ ऐवजी १०० वर आणावा. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर बिंदूंमधून गोलाईने रेषा नेते, त्यामुळे हे आकडे तंतोतंत येणार नाहीत. तरी वाटणी याच प्रमाणात होते.

२० वरचा बिंदू जवळजवळ जागेवर ठेवण्याला कारण आहे. सावली उजळताना नवखे लोक डाव्या टोकापासूनच सगळी रेषा वर उचलतात. तसे केले की शिल्पाच्या खाचांमधला खरा काळा रंग राखाडी होतो, आणि शिल्प उजळले तरी धुरकट दिसते. वेरूळचा पाषाण काळा बेसॉल्ट आहे. वरून खाली कोरत आणलेल्या त्या देवळाची खोली आपल्याला खाचांमधल्या काळोखामुळे कळते. तो काळोख राखला पाहिजे. म्हणून सर्वांत गडद बिंदू खिळ्यासारखा जागेवर ठोकायचा आणि त्याच्या लगेच पुढे रेषा उभी चढवायची.

सावलीला चढ देताना नॉइजही त्याच प्रमाणात वाढतो. शिल्पाचा बारीक फरक १.८ पट होतो, तसा कॅमेऱ्याने सावलीत टिपलेला दाणेदारपणाही १.८ पट होतो. रॉ फाइलमध्ये (सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) कमी आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता कमी ठेवून, काढलेला फोटो हे सहन करतो. जास्त आयएसओवर काढलेल्या जेपीजीत शिल्पाच्या अंगावर रंगीत ठिपके उठतील. तिथे चढ १.४ च्या आसपास थांबवणे मला शहाणपणाचे वाटते.

जेपीजीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण एसच्या आकाराचा अतिवापर बहुतांशी तिच्या अज्ञानातून होतो. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात नोंदवतो. प्रकाश दुप्पट झाला की नोंदही दुप्पट होते. तो डेटा तसाच दाखवला तर फोटो अंधारा आणि निर्जीव दिसतो, म्हणून जेपीजी तयार करताना कॅमेरा स्वतःचा एक कर्व्ह आधीच लावतो, आणि त्यात बहुधा एसचा आकार असतोच. फिल्मच्या काळात हे काम फिल्मच करत असे. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये छायाचित्रणाच्या काचेच्या प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. त्यात खाली हळूच उचलणारा, मध्ये सरळ चढणारा आणि वर पुन्हा वाकणारा आकार दिसतो. डार्करूममध्ये कागदाची ग्रेड (कमीजास्त कॉन्ट्रास्टचा कागद) बदलून छायाचित्रकार तोच चढ कमीजास्त करत. आज जेपीजीवर पुन्हा एस लावणे म्हणजे एकदा लागलेल्या कर्व्हवर दुसरा चढवणे. सावली आणि आकाश दोन्हींचा चढ आधीच कमी केलेला असतो, तो आणखी कमी होतो. शक्य असेल तर रॉमध्येच काढा.

बीबी का मकबऱ्याचा फोटो घेतला तर अडचण नेमकी उलट असते. संगमरवर आणि चुन्याचा गिलावा दोन्ही पांढरे. सकाळच्या उन्हात इमारतीचा बहुतेक भाग २०० ते २४५ मध्ये जाऊन बसतो आणि त्यावरचे नक्षीकाम विरघळल्यासारखे दिसते. तिथे २४५ चा बिंदू जागेवर ठेवून २०० चा बिंदू १७० पर्यंत खाली ओढावा. ४५ टोन ७५ वर पसरतात, चढ साधारण १.६७ होतो, आणि गिलाव्यावरची वेलबुट्टी उठून येते. फोटो एकूण थोडा गडद होतो, पण इमारत पांढरीच वाटते, कारण सर्वांत उजळ टोन हललेला नाही. बागेतली झाडे फार काळी पडत असतील तर ८० च्या आसपास एक बिंदू मूळ रेषेवर परत आणून ठेवावा.

तिसरा प्रकार मराठवाड्यात राहणाऱ्यांना दर उन्हाळ्यात भेटतो. एप्रिल-मेमध्ये लांबून देवगिरीचा किल्ला टिपला की हवेतल्या धुळीमुळे सगळा हिस्टोग्राम मध्येच गोळा होतो. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. इथे मधले बिंदू हलवण्याआधी टोके हलवावीत. हिस्टोग्राम ९० ला सुरू होत असेल तर काळे टोक ० वरून सरकवून ८० वर आणा, आणि तो २०० ला संपत असेल तर पांढरे टोक २५५ वरून २१५ वर. आता मधले १३५ टोन २५५ वर पसरले, म्हणजे चढ जवळजवळ १.९ पट झाला, आणि कुठून काही काढून घ्यावे लागले नाही, कारण बाजूच्या जागा रिकाम्याच होत्या. फोटोशॉपमध्ये टोक सरकवताना ऑल्ट बटण दाबून ठेवले की कोणते ठिपके पूर्ण काळे किंवा पूर्ण पांढरे होत आहेत ते दिसते. ते दिसू लागले की थोडे मागे यावे. मी स्वतः धुळीच्या फोटोत पूर्ण काळ्यापर्यंत जात नाही. दूरचा डोंगर थोडा फिका असतो म्हणूनच तो दूर वाटतो. त्याला जवळच्या बाभळीइतका काळा केला की अंतरच नाहीसे होते.

धुळीबरोबर पिवळसर झाकही येते. ती घालवायला एकत्र कर्व्हऐवजी लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही कर्व्ह वेगळे उघडावेत. तिन्हींचे हिस्टोग्राम वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होताना दिसतील. प्रत्येकाचे काळे टोक त्याच्या त्याच्या सुरुवातीपाशी आणले की सावल्यांमधली झाक बरीच निघून जाते. निळा कर्व्ह मध्ये वर उचलला की पिवळेपणा कमी होतो आणि खाली ओढला की वाढतो. संध्याकाळच्या फोटोत मात्र हा उपाय करू नये, कारण तिथे पिवळेपणा हाच त्या वेळेचा उजेड असतो.

रंगांबद्दल आणखी थोडे, कारण लग्नाच्या फोटोंमध्ये यावरून फार बिघडते. एकत्र कर्व्हला चढ दिला की तो लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींवर वेगवेगळा चालतो. चेहऱ्याच्या एका ठिपक्यात लाल २००, हिरवा १५० आणि निळा १२० असेल, तर एसच्या आकाराने लाल २१४ होईल, हिरवा १५६ होईल आणि निळा ११२ वर उतरेल. लाल आणि निळ्यातले अंतर ८० होते, ते १०२ झाले. परिणामी कॉन्ट्रास्टबरोबर रंगही भडकतो, आणि हळदीच्या कार्यक्रमात आधीच पिवळे असलेले चेहरे नारिंगी दिसू लागतात. फोटोशॉपमध्ये कर्व्हचा वेगळा ॲडजस्टमेंट लेयर घेऊन त्याचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी केला की उजेड बदलतो आणि रंग जवळजवळ तसाच राहतो. डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्येही टोन कर्व्ह वापरताना रंग राखण्याचा पर्याय आहे. अजिंठ्याच्या चित्रांचे फोटो हाताळताना मी ही पद्धत सोडत नाही. तिथे फ्लॅशला मनाई आहे, उजेड मंद असतो, चित्र गडद टोनमध्येच टिपले जाते आणि ते उजळावेच लागते. पण त्यातले गेरूचे आणि हिरवे रंग आपल्या कर्व्हमुळे मूळ भिंतीवर आहेत त्याहून भडक दिसू लागले तर पाहणाऱ्याची फसवणूक होते.

चेहऱ्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. आपल्याकडे नवरीचा चेहरा गोरा दिसावा म्हणून ९० ते १५० मधला सगळा भाग उचलून २०० च्या पुढे नेण्याची पद्धत पडली आहे. तसे करताना रेषा वरच्या बाजूला आडवी होते, गालाचा उतार आणि कपाळाची गोलाई सपाट होते, आणि चेहरा कागदातून कापल्यासारखा दिसतो. सावळा चेहरा सावळाच ठेवून १२० च्या आसपास फक्त आठ-दहा अंश उचल द्यावी आणि त्याच्या खालच्या बाजूला चढ शाबूत ठेवावा. चेहऱ्यावर उजेड दिसतो आणि माणूस ओळखू येतो.

कर्व्हची एक मर्यादा आपल्या फोटोत नक्की आडवी येईल. कर्व्हला फक्त टोन कळतो, जागा कळत नाही. शिल्प ७० वर असेल आणि वरच्या शिखरावरच्या एखाद्या खोबणीतली सावलीही ७० वरच असेल, तर दोन्ही सारख्याच उजळतील. शिल्पासाठी ते हवे असते, शिखरासाठी नको असते, कारण उन्हातल्या दगडावरच्या त्या लहान सावल्यांनीच शिखराला उठाव येतो. अशा वेळी कर्व्हच्या लेयरला मास्क (काळ्या भागात कर्व्हचा परिणाम झाकणारा आणि पांढऱ्या भागात दाखवणारा पडदा) जोडून तो आधी पूर्ण काळा करावा आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त शिल्पाचा भाग रंगवावा. ब्रशची कड सावली आणि उन्हाच्या सीमेवर नेमकी यायला हवी. ती बाहेर गेली की दगडाभोवती प्रभावळीसारखी फिकट पट्टी दिसते, आणि फोटोवर हात फिरवला आहे हे लगेच कळते.

जे फोटोत टिपलेच गेले नाही ते कर्व्ह आणू शकत नाही. आकाश २५५ वर जाऊन पूर्ण पांढरे झाले असेल, तर पांढरे टोक खाली ओढल्याने ते निळे होत नाही, फक्त राखाडी होते. म्हणून वेरूळला दुपारी फोटो काढताना आकाश फुटणार नाही एवढेच एक्स्पोजर द्यावे आणि सावली नंतर उचलावी. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतर दर्शनी भागावर ऊन येते. आतल्या अंगणात मात्र उभ्या कातळामुळे कोणत्या ना कोणत्या बाजूला सावली राहतेच. शिल्पाचाच फोटो हवा असेल तर आकाश चौकटीबाहेर ठेवणे हा कोणत्याही कर्व्हपेक्षा चांगला उपाय आहे.

उभ्या चढाचा दुसरा त्रास म्हणजे पट्टे. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ आकाशाचे ४० टोन १२० वर पसरवले तरी ८ बिटच्या फाइलमध्ये टोन ४० च राहतात. मधल्या जागा रिकाम्या राहतात आणि आकाशात पायऱ्या दिसू लागतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे तिथे हे सहसा होत नाही. कर्व्हचे सगळे काम १६ बिटमध्ये करावे आणि शेवटी जेपीजी काढावी. तसेच रेषा कुठेही उलटी खाली वळू देऊ नये. तिथे उजळ भाग गडद आणि गडद भाग उजळ होऊन रंग विचित्र दिसतात. लाइटरूममध्ये पॅरामेट्रिक कर्व्ह (बिंदूंऐवजी स्लायडरने हलणारा) वापरला तर सॉफ्टवेअरच ते होऊ देत नाही, म्हणून सुरुवातीला तोच बरा. बिंदूंचा पॉइंट कर्व्ह हात बसल्यावर घ्यावा. बिंदू तीन-चारच्या वर गेले की रेषा हमखास नागमोडी होते.

मोबाइलबद्दल. स्नॅपसीडमध्ये कर्व्ह आहे, आणि वर सांगितलेले बिंदू त्यातही ठेवता येतात. मागे हिस्टोग्रामही दिसतो. मात्र मोबाइलची जेपीजी आधीच बरीच हाताळलेली असते. सावल्या उचललेल्या, आकाश दाबलेले. तिच्यावर १.८ चा चढ दिला तर सावलीतला पाषाण चिखलासारखा दिसेल. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर त्यातून रॉ फाइल घ्यावी, ती स्नॅपसीडमध्ये उघडावी आणि फोनच्या स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवून काम करावे. उन्हात उभे राहून, स्क्रीन पूर्ण उजळ करून सावली किती उचलावी हे ठरवू नका. घरी आल्यावर तोच फोटो फार फिका वाटेल. अल्बमसाठी छापायचा असेल तर आधी एक लहान प्रिंट काढून पाहावी, कारण कागदावर २० ते ४० मधले टोन स्क्रीनपेक्षा लवकर काळे होतात. रावणाच्या हातांमधल्या खाचा तिथे बुजत असतील, तर २० वरचा बिंदू २२ ऐवजी २८ वर ठेवून पुन्हा छापून पाहा.